भिवंडीचं डिझेल, काश्मीरची थंडी



भिवंडीत बसून इंजिन तापवायच्या हीटरवर बोलायचं म्हणजे थोडी गंमतच. मानकोली नाक्यावर जानेवारीच्या पहाटे ड्रायव्हर फार तर स्वेटर चढवतो. गाडी पहिल्या सेल्फलाच उठते. पण इथल्या गोदामातला माल घेऊन तीच गाडी श्रीनगरला किंवा झोजिला घाटाच्या पायथ्याशी जाते, तेव्हा पहाटे सेल्फ नुसता कण्हतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते, की तिच्याच उष्णतेनं डिझेल पेट घेतं. कडाक्याच्या थंडीत ती उष्णता लोखंडी ब्लॉक खाऊन टाकतो, ऑइल काकवीसारखं घट्ट होतं आणि बॅटरीचा जोरही नेमका तेव्हाच ओसरतो. थंड मुलुखांत यावर ब्लॉक हीटर असतो. ब्लॉकमध्ये विजेचं एक छोटं कॉइल बसवतात, ते कूलंट गरम ठेवतं. निघण्याआधी दोन-चार तास प्लग लावला की पुरे. रात्रभर लावून वीज जाळायचं कारण नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांच्या अशाच एका हीटरला १९४९ साली पेटंट मिळालं. कॅनडाच्या थंड भागांत तर पार्किंगमध्येच त्यासाठी विजेचे पॉइंट असतात.

आपल्या ढाब्यावर तो पॉइंट कुठला? म्हणून कोणी इंजिन रात्रभर चालू ठेवतो, कोणी ऑइल चेंबरखाली जाळ करतो. हा दुसरा प्रकार मला मुळीच पटत नाही. वर डिझेलचे पाइप, वायरिंग आणि खाली आग! आणि काचा लावलेल्या केबिनमध्ये शेगडी घेऊन तर कधीच झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही येत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

हीटर मिळाला तरी आधी रेडिएटर उघडून बघा. इथे आपण नळाचं पाणी ओततो आणि चालून जातं. तिकडे ते गोठतं, फुगतं आणि ब्लॉकला तडा देतं. कूलंटचं कॉन्सन्ट्रेट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल, तर उणे तीसलाही ते गोठत नाही.

हीटर इंजिन तापवतो, टाकी नाही, हे बरेच जण विसरतात. डिझेलमधलं मेण थंडीत साकळतं आणि फिल्टर चोक होतो. आपल्या मानकाप्रमाणे उन्हाळी डिझेलचा ओतनबिंदू, म्हणजे ते वाहायचं थांबतं ते तापमान, १५ अंशांपर्यंत चालतो, हिवाळी डिझेलचा ३ अंशांपर्यंत. म्हणजे इथे टाकी फुल केली, की काश्मीरची अडचण इथूनच बरोबर घेतली. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं खास डिझेल आणलं. तेव्हा घाट चढायच्या आधी टाकी जवळजवळ रिकामी होईल असा हिशेब ठेवा आणि भरायचं ते तिकडचंच भरा. लिटरमागे दोन पैसे वाचवायला इथलं नेऊ नका.

जुने उस्ताद रॉकेल मिसळायचे. बीएस-सहाच्या गाडीत तो उद्योग नको, इंजेक्टरचं बिल परवडणार नाही. या गाड्यांत धूर स्वच्छ करायला लागणारा युरिया उणे ११ अंशांना गोठतो, त्याला मात्र घाबरायचं कारण नाही. त्याची टाकी काठोकाठ भरू नका, एवढंच. गाडी सुरू झाली की त्या टाकीची तापवायची सोय तो वितळवते. वरून गरम पाणी ओतू नका.