घरची शुश्रूषा आणि विम्याची भाषा
शब्दार्थ तपासण्यात माझा जन्म गेला. म्हणून विम्याच्या कागदातील ‘घरगुती उपचार’ या शब्दांपाशी आपणांस थांबवतो. त्यांचा तेथील अर्थ संकुचित आहे: आजार रुग्णालयात ठेवण्याजोगाच, पण रुग्ण हलविण्याजोगा नाही किंवा खाट रिकामी नाही. अंघोळ घालणारी, भरविणारी, रात्री उशाशी बसणारी बाई त्यात सहसा बसत नाही. सत्तरी गाठलेल्यांना २०२४ पासून मिळणारे आयुष्मान भारतचे वार्षिक ५ लाखांचे संरक्षणही रुग्णालयातील उपचारांसाठीच. मग बाईचा पगार कोठून? निवृत्तिवेतन, ठेवींचे व्याज. आणि घर स्वतःचे असल्यास २००७ मध्ये आलेले रिव्हर्स मॉर्टगेज. त्यात बँकच आपणांस पैसे देते, आणि हयातीत राहते घर सोडावे लागत नाही. आपल्या इंदुरात घराचा विषय निघाला की मुले गप्प होतात. तरी तो त्यांच्यासमक्षच काढावा, आणि आपली वाचा शाबूत असतानाच.