भीमेच्या उगमाकडे



महाविद्यालयाच्या या समारंभात पडद्यामागे नाटकाची मंडळी तोंडाला रंग लावून खोळंबली असताना पाहुण्याने लांबलचक उपदेश करीत बसणे हा उघड उघड जुलूम होय, हे मी जाणतो. म्हणून उपदेश बाजूस ठेवून, आपल्या या राजगुरुनगराजवळून वाहणाऱ्या भीमेविषयीच थोडे बोलतो.

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी चासकमानच्या धरणात विसावते, पुढे उजनीच्या ११७ टीएमसीच्या जलाशयास मिळते, पंढरपुरी चंद्रभागा हे नाव धारण करते आणि अखेर रायचूरच्या बाजूस कृष्णेत विलीन होते. सोलापूरसारख्या अवर्षणग्रस्त मुलखातला ऊस काय, किंवा भिगवणच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात उतरून, चोच उलटी बुडवून चिखलातले भक्ष्य गाळून घेणारे रोहित पक्षी काय, सर्वांची भिस्त सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसावर आहे. परंतु चार महिने कोसळणारा पाऊस उतारावरून एकदम धावत न सुटता पुढे कित्येक महिने झऱ्यांवाटे झिरपत राहतो, तो कोणाच्या कृपेने?

ती कृपा भीमाशंकरच्या रानाची. सरकारदरबारी या रानाची अभयारण्य म्हणून नोंद १९८५ सालची आहे. तथापि त्याच्या कितीतरी आधी, कोणतेही फर्मान वा दस्तऐवज नसताना, डोंगरातल्या गावांनी देवाच्या नावाने रानाचे तुकडे राखून ठेवले होते. या देवरायांत कुऱ्हाड चालवायची नाही, इतकेच नव्हे तर वादळात उन्मळून पडलेले लाकूडही पुष्कळ ठिकाणी घरी न्यायचे नाही, अशी वहिवाट होती. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा सुशिक्षितांचे लक्ष तिकडे वळले. देवाच्या कोपाचे भय मला स्वतःला फारसे पटत नाही; पण त्या भयाने जे साधले ते सरकारी दफ्तरातील अनेक कलमांना साधलेले नाही, हे मान्य करणे भाग आहे. कारण ते पडके लाकूड जागच्या जागी कुजते, पाणी शोषून धरते, त्याची माती होते. आणि भर पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात अशाच कुजक्या काटक्यांवरील बुरशी रात्रीच्या अंधारात हिरवट प्रकाशाने उजळते. चुलीत गेलेल्या लाकडाच्या नशिबी हे भाग्य कोठले!

आणि याच रानातला आपला शेकरू! राज्यप्राणी म्हणून त्याचे चित्र तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिले आहे. जमिनीवर क्वचितच उतरणारा हा तांबूस, झुपकेदार शेपटीचा प्राणी फांद्याफांद्यांवरून वीस-वीस फुटांच्या उड्या घेतो, आणि काटक्यापानांची एक नव्हे, अनेक घरटी बांधून ठेवतो. (काही जमीनदारांचा हा गुण त्याने उचलला असावा.) त्याला अफाट जंगल नको, सलग जंगल हवे, मध्येच रस्त्याने वा मोकळ्या पट्ट्याने झाडांची गुंफण तुटली की त्याची वाटच जप्त झाली. श्रावणात भीमाशंकरी देवदर्शनास लोटणारी गर्दी आणि तिच्यामागून पसरणारा प्लास्टिकचा खच पाहिला, म्हणजे भाविकांनी देव आणि देवाचे रान यांची फारकत केली असावी असे वाटू लागते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या आज्या हिरडा गोळा करण्यासाठी आयुष्यभर त्या रानात हिंडल्या आहेत. कोणता झरा चैत्रात आटतो, कोणता वैशाखातही वाहतो, कोणत्या झाडाला कोणत्या पंधरवड्यात फळ धरते, हे त्यांच्याइतके कोणत्याही खात्यास ठाऊक नाही. येत्या सुटीत त्यांच्यापाशी बसा, त्यांनी सांगितलेले गाववार लिहून काढा, आणि ती वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रीतसर दाखल करा. पुढच्या वर्षी पाहुणा म्हणून मला बोलावले नाहीत तरी चालेल. ती वही वाचावयास मात्र अवश्य बोलवा.