खुब्याची शस्त्रक्रिया आणि घरची परिचर्या



सन १९६२ मध्ये इंग्लंडमधील रायटिंग्टन येथील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी खुब्यात धातूचा गोळा व टिकाऊ पॉलिथिनची वाटी यांची जोडी बसविली आणि या शस्त्रक्रियेला आजचे रूप आले. शल्यविशारदांचे काम दोनएक तासांत आटोपते. वृद्धाला पुन्हा चालते करण्याचे काम मात्र कित्येक आठवडे चालते, आणि ते परिचारिकेच्या व घरच्या माणसांच्या हाती असते.

बहुधा दुसऱ्याच दिवशी, कधी त्याच दिवशी, रुग्णाला वॉकर धरून उभे केले जाते. हे पाहून मुले-सुना हळहळतात. परंतु अंथरुणाला खिळून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी, छातीत कफ आणि पाठीला शय्याव्रण ही संकटे ओढवतात. म्हणून जाणती परिचारिका वेदनाशामक औषध अगोदर देते आणि मग चालावयास लावते. घरी आल्यावर मात्र सेवाभावाचा अतिरेक होतो. तोंड धुण्याचे पाणीदेखील पलंगाशी येते. अशाने स्नायू दुबळे होतात व पडण्याची भीती मनात घर करते. वृद्धाने स्वतः उठावे, इतरांनी शेजारी उभे राहावे, हीच खरी सेवा.

मागील बाजूने शस्त्रक्रिया झाली असल्यास पहिले काही आठवडे सांधा निखळण्याचा धोका अधिक असतो. काटकोनापलीकडे वाकणे, पायावर पाय टाकणे, पाय आत वळविणे साधारणतः वर्ज्य सांगतात. म्हणजे उकिडवे बसणे, पंचांग वंदन आणि मांडी घालून सामायिक, तिन्ही थांबले. कमोडला उंच बैठक बसविता येते, त्याविषयी फारशी कुरकुर होत नाही. दुःख असते ते सामायिकाचे. जमिनीवरील आसन सुटले की धर्म सुटला, असे वृद्ध मातोश्रींना वाटते. खुबे गुडघ्यांपेक्षा उंच राहतील अशा खुर्चीवरही ४८ मिनिटांचे सामायिक होते, हे मुलाने सांगण्यापेक्षा साध्वीजींच्या मुखातून ऐकविलेले बरे.

चौविहार पाळणाऱ्यांनी तसे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. औषधांच्या वेळा कित्येकदा बदलता येतात. न सांगता रात्रीची गोळी उशाखाली राहते आणि सकाळी वेदनेने उभे राहवत नाही. रक्त पातळ ठेवणारे औषध तर स्वतःहून कधीच चुकवू नये. पोटरी सुजली वा एकाएकी दम लागला, तर त्वरित रुग्णालय गाठावे.

मंदिराच्या पायऱ्या डॉक्टरांच्या अनुमतीनंतरच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा. आणि एक हात कठड्यावर.