सतरंजीवरचा योग आणि कामावरचा योग

(मंडळाच्या वर्धापनदिनी लोहा येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असा आपल्या चिटणीस बाईंनी आग्रह केला आणि विषयही त्यांनीच दिला : ‘योग आणि आपले काम’. योगावर बोलायला मी कोणी योगिनी नाही. कचेरीत अनेक वर्षे कारकुनी केली, घर सांभाळले आणि पहाटे अर्धा तास आसने व प्राणायाम करण्याचा नेम ठेवला, इतकाच माझा अधिकार. तेव्हा माझे बोलणे व्याख्यान म्हणून न घेता शेजारणीने ओट्यावर बसून केलेल्या गोष्टी म्हणून घ्यावे.

योग हा शब्द आता कोणाला नवा राहिलेला नाही. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा योगदिन ठरविला. त्या ठरावाला १७७ देशांनी आपली नावे जोडली होती. २०१५ पासून तो दिवस जगभर पाळला जातो, आणि २०१९ साली तर आपल्या राज्याचा मुख्य कार्यक्रम नांदेडातच झाला. परंतु बायकांना हे दार नेहमीच उघडे नव्हते. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत योगसंस्था काढली, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो तो यंत्रे लावून मोजला. योग हा गुहेतल्या बैराग्यांचाच विषय अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती. अशा वेळी योगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. पुढे पुण्यात गीता अय्यंगार यांनी स्त्रीच्या निरनिराळ्या अवस्थांत कोणते आसन करावे आणि कोणते टाळावे, याचा बारकाईने विचार मांडला. आज आपण पदर खोचून निःसंकोच सतरंजीवर बसतो, त्यामागे अशांचे कष्ट आहेत.

पण मला विचारायचे आहे ते निराळेच. सकाळी सहाला आपण सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी करतो आणि नऊ वाजता कामावर जातो. कोणी शाळेत, कोणी अंगणवाडीत, कोणी पंचायत समितीत, कोणी दुकानात, कोणी रानात. आपला योगही सतरंजीबरोबर कोपऱ्यातच उभा राहतो काय?

पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली आहेत, हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. त्यांत आसनाचा क्रमांक तिसरा आहे, प्राणायामाचा चौथा आणि ध्यानाचा सातवा. पहिले अंग यम, आणि यम म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह. हे यम प्रथम आपण दुसऱ्याशी कसे वागतो याविषयी आहेत. शरीर वाकविण्याच्या आधी त्यांनी वागणूक ठेवली. म्हणजे योगाची पहिली पायरी सतरंजीवर नाही, ती शेजारच्या माणसाशी आहे. मला आज जे सांगायचे आहे ते इतकेच.

कामाच्या जागी हे यम लावून पाहा. अहिंसा म्हणजे कोणाला मारू नये एवढेच नव्हे. चार माणसांसमोर एखादीला टोचून बोलणे हीदेखील हिंसाच. अस्तेय म्हणजे चोरी न करणे. आपण कोणाच्या पिशवीत हात घालत नाही, परंतु दुसरीने रात्र जागून केलेल्या तक्त्यावर साहेबांपुढे आपले नाव सांगणे ही चोरी नव्हे काय? आणि अपरिग्रह म्हणजे साठा न करणे. नवी मुलगी कामावर आली म्हणजे तिला सगळे शिकवायचे नाही, एखादी किल्ली आपल्याच कमरेला ठेवायची, हाही एक साठाच.

आता कोणी म्हणेल, बाई, हे बोलायला ठीक आहे, पण कामाच्या रगाड्यात इतके भान राहायचे कसे? येथे श्वासाची गरज लागते. आपली नाडी धरून पाहावी. श्वास आत घेताना ती किंचित जलद चालते आणि बाहेर सोडताना किंचित संथ होते. म्हणून श्वास हळू आणि लांब सोडला की मनाचा ताणही थोडा सैल पडतो. वैद्यकशास्त्राला हे मान्य आहे, आणि आपल्या आज्या-पणज्यांना ते न शिकता साधले होते. पहाटे जात्यावर बसून त्या ओवी म्हणत, तेव्हा एकेका ओळीला श्वास लांब सोडावाच लागे. समोर दुसरी बाई असे, एकाच खुंट्यावर दोघींचे हात असत. एकीने ओढले आणि दुसरीने अडविले तर पीठ पडायचे नाही. दोघींची लय एक व्हावी लागे. त्या लयीतच सासरचे दुःख, माहेरची ओढ, सगळे बोलून होई. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे धन आपल्या बायकांनी दळता दळता निर्माण केले आहे.

आणि जात्याचे नाव काढल्यावर जनाबाईचे नाव कसे टाळावे? ती तर आपल्या शेजारची. पालमवरून पुढे गेले की गंगाखेड लागते, तेच तिचे गाव. ती पंढरपुरास नामदेवांच्या घरी राहिली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे ही सगळी कामे तिने केली आणि त्या कामांतच तिला देव भेटला. कामाला ती कमी लेखत नाही. तिच्या अभंगांतला विठ्ठल दूर सिंहासनावर बसून पाहत नाही, तिच्याबरोबर दळू लागतो. सोबत म्हणजे काय, याचे याहून चांगले चित्र मला माहीत नाही. हात लावील ती सोबत, नुसते सांगेल तो उपदेश.

आजकाल शहरांतल्या मोठ्या कंपन्यांत ‘माइंडफुलनेस’ नावाचा वर्ग घेतात. अमेरिकेत जॉन कबात-झिन नावाच्या गृहस्थांनी १९७९ साली एका रुग्णालयात दुखण्याने गांजलेल्या लोकांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला आणि तेथून तो पसरला. त्याचे मूळ बुद्धाच्या शिकवणीत आहे. आपल्याकडे इगतपुरीस सत्यनारायण गोएंका यांचे विपश्यनेचे केंद्र १९७६ पासून आहे. तेथे दहा दिवसांचे शिबिर असते आणि बहुतेक दिवस मौन असते. पण मला मोठे वाटते ते असे, की शेवटी मौन सुटते तेव्हा मंगल मैत्री शिकवितात, म्हणजे सर्वांचे भले चिंतायला सांगतात. स्वतःच्या आत पाहणे हे अखेर दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठीच आहे. आपल्या मराठीत या सगळ्याला एक सुंदर शब्द आहे : अवधान. ज्ञानेश्वर महाराजांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे दुसरे काही मागितले नाही, अवधान तेवढे मागितले. समोरचे माणूस बोलत असताना आपण आपले सगळे मन त्याला देणे, यापरते मोठे दान कामाच्या जागी दुसरे नाही.

मैत्रिणींनो, एक हकीकत सांगते. गावाचे आणि कचेरीचे नाव सांगत नाही. एका बाईचा धाकटा भाऊ शेती करीत होता. दोन वर्षे पीक गेले, कर्ज वाढले आणि त्याने जीव दिला. आपल्या मराठवाड्यात हे दुःख कोणाला सांगावे लागत नाही. तेरावे आटोपून ती कामावर रुजू झाली. कोणी तिला म्हणाले, धीर धरा. कोणी म्हणाले, प्राणायाम करीत जा. कोणाला काय बोलावे सुचेना, म्हणून ते तिची नजर टाळू लागले. त्या कचेरीत झाडलोट करणारी एक बाई होती. ती मधल्या सुट्टीत आपली भाकरी घेऊन हिच्याशेजारी येऊन बसे. काही विचारीत नसे. “खा थोडं” एवढेच म्हणे. असे पंधरा दिवस गेले आणि एके दिवशी ही आपण होऊन बोलू लागली. पुढे पुष्कळ वर्षांनी तिने मला सांगितले, “त्या दिवसांतला कोणाचाच उपदेश मला आठवत नाही. ती शेजारी बसायची, तेवढं आठवतं.” त्या झाडणाऱ्या बाईने योगाचे पुस्तक कधी पाहिलेही नसेल. पण करुणा म्हणतात ती हीच.

पतंजलींनी मन निर्मळ ठेवण्याचा उपाय सांगितला आहे तो असा : सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगले काम करणाऱ्याविषयी आनंद आणि वाईट वागणाऱ्याकडे दुर्लक्ष. या चारांत मला सर्वांत कठीण वाटतो तो तिसरा. बरोबरीच्या बाईला बढती मिळाली, बक्षीस मिळाले, तर तोंडाने अभिनंदन करणे सोपे. मनातून आनंद होणे, हा खरा शीर्षासनाहून अवघड योग!

आपल्या रानातल्या बाया हे किती सहज करतात पाहा. सोयाबीन खुरपताना प्रत्येकीची एक पात असते. एखादी मागे पडली, कोणाचे अंग कसकसते आहे, कोणाच्या पोटात अन्न नाही, हे शेजारच्या पातीवालीच्या ध्यानात येते. ती न बोलता दोन हात तिच्या पातीत मारते आणि दोघी बरोबरीने बांधाला लागतात. आम्ही खुर्चीवर बसणाऱ्यांनी हे त्यांच्याकडून शिकावे.

आता एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. योग म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. मानधन वेळेवर मिळाले नाही, कोणी अपमान केला, कोणी वाईट नजरेने त्रास दिला, तर डोळे मिटून श्वास मोजीत बसावे असे कोणताही योग सांगत नाही. यमांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य आहे. मनातील क्षोभ शांत करावा तो एवढ्यासाठी की मग ठामपणे बोलता यावे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रार ऐकणारी समिती असावी लागते आणि तिची प्रमुख स्त्रीच असते. लहान दुकानात किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. अशा वेळी एखादी बाई अर्ज घेऊन निघाली, तर तिच्याबरोबर चालत जाणे हीही मैत्रीच, आणि पुष्कळदा तीच खरी.

शेवटी तीन लहान नेम सुचविते. पहिला : कामाला हात लावण्यापूर्वी दहा श्वास सावकाश सोडावे. त्याला सतरंजी लागत नाही की पैसा लागत नाही. (रक्तदाब असेल, दिवस गेले असतील, तर आसने आणि श्वास रोखून धरण्याचे प्रकार मात्र डॉक्टरांना विचारून जाणकाराकडूनच शिकावे.) दुसरा : कोणी बोलायला आले तर हातातली लेखणी किंवा फोन खाली ठेवून ऐकावे. तिसरा : आपल्या कामाच्या जागी जिला सगळे नुसते “ए बाई” म्हणून हाक मारतात, तिचे नाव विचारून घ्यावे आणि उद्यापासून नावाने हाक मारावी.

पुढच्या वर्धापनदिनी मी आपणांस किती सूर्यनमस्कार झाले हे विचारणार नाही. किती नावे कळली, हे मात्र जरूर विचारीन.