मनगटावरचें घड्याळ : मदतनीस कीं तालीममास्तर ?

मुलगा मॅट्रिक झाला कीं त्याच्या मनगटावर घड्याळ बांधावयाचें, ही मध्यमवर्गीय घरांतील एक जुनी रीत होती. १९६१ सालीं बंगळूरला एच. एम. टी.च्या कारखान्यांत घड्याळें तयार होऊं लागलीं, आणि पुढें कित्येक वर्षें या रीतीची लाज त्या घड्याळांनींच राखली. त्यांच्याकडून अपेक्षा एकच असे : वेळ बरोबर दाखवावी. सकाळीं किल्ली दिली कीं मालकाचें कर्तव्य संपलें आणि घड्याळाचें सुरू झालें.

आज घड्याळाच्या दुकानांत शिरलेल्या गृहस्थापुढें जीं नवीं घड्याळें मांडलीं जातात, त्यांत वेळ दाखविणें हें सर्वांत किरकोळ काम होऊन बसलें आहे. फोनवर कोण बोलावीत आहे तें हें घड्याळ सांगतें, नातवाचा निरोप वाचावयास देतें, चाललेलीं पावलें मोजतें, नाडीचे ठोके टिपतें आणि रात्रीची झोप पुरी झाली कीं नाहीं याचाही हिशेब सकाळीं समोर ठेवतें. गृहस्थ चकित होतो आणि त्याच क्षणीं गोंधळतो. कारण कपाटांत सारखींच दिसणारीं हीं घड्याळें मुळांत दोन भिन्न जातींचीं आहेत. एकाला ‘स्मार्टवॉच’ म्हणतात. दुसरें धांवणारे, पोहणारे आणि सायकल चालविणारे लोक ज्याला ‘स्पोर्ट्‌स वॉच’ म्हणतात तें सरावाचें घड्याळ. नांवाजलेल्या कंपन्यांचीं घड्याळें घ्यावयाचीं तर दोन्ही प्रकारांत वीस-पंचवीस हजारांपासून लाखापर्यंत रुपये मोजावे लागतात. इतका पैसा खर्चून मनुष्यानें नेमकें काय घरीं आणावें, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

प्रथम दोघांचें कुळ पाहावें, म्हणजे स्वभाव आपोआप उलगडेल. सरावाच्या घड्याळाचा जन्म मैदानावरचा. १९७७ सालीं फिनलंडमध्यें स्थापन झालेल्या ‘पोलार’ या कंपनीनें १९८२ सालीं छातीवरच्या पट्ट्यांतून बिनतारी संदेश पाठवून हृदयाचे ठोके मनगटावर दाखविणारें साधन तयार केलें. बर्फावरून मैलोगणती घसरत जाणाऱ्या खेळाडूंचा सराव शास्त्रशुद्ध व्हावा, ही निकड त्याच्या मुळाशीं होती. पुढें १ मे २००० रोजीं अमेरिकेनें आपल्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकण्याचें जाहीर केलें आणि सामान्य माणसाला आपलें स्थान शंभरएक मीटरांऐवजीं दहा-वीस मीटरांच्या फरकानें कळूं लागलें. तीनच वर्षांनीं, २००३ सालीं, ‘गार्मिन’ कंपनीचें ‘फोररनर’ हें घड्याळ आलें आणि धांवणाऱ्याला आपला वेग व अंतर धांवतां धांवतांच मनगटावर दिसूं लागलें. स्मार्टवॉच हें याच्या उलट मोबाइलचें अपत्य आहे. ॲपल कंपनीचें घड्याळ एप्रिल २०१५ मध्यें विक्रीस आलें. खिशांतल्या फोनचा एक लहानसा पडदा मनगटावर आणावा, ही त्यामागील कल्पना होती.

आतां काळाच्या ओघांत दोघांनीं एकमेकांच्या विद्या उचलल्या आहेत. सरावाचें घड्याळ निरोप दाखवितें आणि स्मार्टवॉचही धांवेचें अंतर मोजतें. शाळेंत ड्रिल मास्तर रजेच्या तासाला गणिताचा वर्ग सांभाळतो आणि वर्गशिक्षक प्रसंगीं कवायत घेतो, तसाच हा प्रकार. निभावून जातें, परंतु ज्याचें जें मूळ काम तें त्यानेंच उत्तम करावें, हा अनुभव बदलत नाहीं.

दोघांचीं मापनाचीं साधनें मात्र बव्हंशीं एकच आहेत. घड्याळाच्या पाठीवर हिरवा प्रकाश लुकलुकतांना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. ठोक्यासरशीं रक्त मनगटांत भरलें कीं परत येणारा प्रकाश किंचित् घटतो, ओसरलें कीं वाढतो. या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला, हात गार पडले असले, किंवा धांवेचा वेग एकाएकीं वाढविला, तर हें माप चुकतें. कधीं कधीं तर घड्याळ पावलांचाच ताल ठोके समजून मोजीत बसतें. म्हणून काटेकोर सराव करणारे आजही छातीला पट्टा बांधतात, कारण तो हृदयाचे विद्युत्‌संदेशच टिपतो.

अंतराचें माप आकाशांतून येतें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांत अणुघड्याळें बसविलेलीं आहेत. निदान चार उपग्रहांकडून आलेल्या संदेशांच्या वेळा ताडून मनगटावरचें यंत्र आपलें स्थान ठरवितें. म्हणजे अंतर मोजणारी ही युक्तिही मुळांत वेळ मोजण्याचीच आहे. उंच इमारतींच्या दाटींत हे संदेश भिंतींवर आदळून उशिरां पोचतात आणि मुंबईच्या गल्लींतून सरळ धांवलेला मनुष्य नकाशावर शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यांतून गेलेला दिसतो. दोन निरनिराळ्या लहरींवर संदेश घेणारीं नवीं घड्याळें हा दोष पुष्कळ कमी करितात. तीं दोन्ही जातींत मिळतात, मात्र किंमत अधिक पडते.

साधनें एक असलीं तरी खरा फरक विजेच्या पुंजीचा आहे. स्मार्टवॉचचा झगझगीत पडदा आणि फोनशीं अखंड चाललेला संवाद वीज खातो. ॲपलचें साधें घड्याळ कित्येक वर्षें १८ तासांच्याच हिशेबानें विकलें गेलें. हल्लींचीं याहून कांहीं अधिक टिकतात, तरी त्यांना रोज अथवा दिवसाआड विजेचा खुराक लागतोच. गार्मिनच्या ‘फोररनर २५५’ या घड्याळाला साध्या वापरांत १४ दिवसांपर्यंत आणि उपग्रहांशीं संपर्क ठेवून धांवतांना ३० तासांपर्यंत वीज पुरते, असें कंपनी सांगते. ज्याची धांव पाऊण तासाची आहे त्याला या फरकाचें महत्त्व नाहीं. परंतु दक्षिण आफ्रिकेंतील ‘कॉम्रेड्‌स’ ही सुमारें ९० किलोमीटरांची शर्यत १२ तासांच्या मुदतींत पुरी करण्यासाठीं महाराष्ट्रांतूनही धांवपटु जातात. त्यांतील एखाद्याचें घड्याळ आठव्या तासाला डोळे मिटूं लागलें, तर ऐन गरजेच्या वेळीं तो आंधळा झाला म्हणावयाचें.

दुसरा फरक हाताळण्याचा. स्मार्टवॉचचा सारा व्यवहार पडद्यावर बोट फिरवून चालतो. घामेजलेलें बोट किंवा पावसाच्या धारा यांपुढें हा पडदा गोंधळतो. सरावाच्या घड्याळाला कडेस बटणें असतात. तीं न पाहतां दाबतां येतात. जुलै महिन्यांत भर पावसांत चढावर धांवणाऱ्याला या क्षुल्लक वाटणाऱ्या सोयीची किंमत कळते. तिसरा फरक फोनच्या सोयरिकीचा. ॲपलचें घड्याळ आयफोनवांचून चालत नाहीं. २०२१ पासून निघालेलीं सॅमसंगचीं घड्याळें उलट आयफोनशीं बोलत नाहींत. सरावाचीं घड्याळें बहुधा दोन्ही फोनांशीं जमवून घेतात. मात्र आयफोन वापरणाऱ्याला आलेल्या निरोपाचें उत्तर त्यांवरून देतां येत नाहीं. घड्याळ आणून मग त्यासाठीं फोन बदलणें म्हणजे घोड्याच्या नालेसाठीं घोडा विकत घेण्यासारखें आहे.

आतां दोन गिऱ्हाइकें डोळ्यांपुढें आणावीं. पहिलें चाळिशींतलें, बँकेंत नोकरी करणारें. जानेवारींत मुंबईची अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, धांवण्याचा त्याचा निश्चय आहे. पुढें सातारची डोंगरी अर्धमॅरेथॉनही खुणावीत आहे. यवतेश्वराच्या चढावर सपाटीचा वेग राखूं पाहणारा मनुष्य अर्ध्या वाटेंतच दमून उभा राहतो. तेथें वेगाकडे न पाहतां ठोके एका मर्यादेंत ठेवून चढावें लागतें. ही मर्यादा ओलांडतांच मनगटाला हळूच धक्का देणारें, ठरलेल्या अंतरागणिक वेळ नोंदविणारें, चार मिनिटें जोरानें व दोन मिनिटें सावकाश अशी आठवड्याची कवायत आखून देणारें, आणि दोन दिवस अति झाल्यास तिसऱ्या दिवशीं विश्रांति घे असें बजावणारें घड्याळ त्याला हवें. हें काम सरावाच्या घड्याळाचें. तो खरोखरीचा तालीममास्तर आहे.

दुसरें गिऱ्हाईक साठीच्या पुढचें, सकाळीं बागेंत फिरणारें, एकट्यानें राहणारें. मुलगी पुण्यास, मुलगा परदेशीं. त्याला शर्यत धांवावयाची नाहीं. न्हाणीघरांत पाय घसरला तर कोणाला कळेल, ही त्याची आणि मुलांचीही खरी चिंता. २०१८ पासून ॲपलच्या घड्याळांत पडल्याची जाणीव घेऊन, मनुष्यानें हालचाल न केल्यास, मदतीसाठीं फोन लावण्याची सोय आली. त्याच वर्षीं बोट टेकवून अर्ध्या मिनिटांत हृदयाचा एकपदरी विद्युत्‌आलेख काढण्याचीही. अशा सोयी आतां इतर कंपन्यांच्या घड्याळांतही कमीअधिक प्रमाणांत दिसतात. या गृहस्थाला मदतनीस हवा आहे, आणि स्मार्टवॉच तो होऊं शकतें.

परंतु येथेंच अधिक सावध राहिलें पाहिजे. अमेरिकेंत स्टॅन्फर्ड विद्यापीठानें केलेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ४,१९,२९७ माणसें सहभागी झालीं होतीं. त्यांपैकीं अवघ्या ०·५२ टक्के लोकांना घड्याळानें नाडी अनियमित असल्याचा इशारा दिला; आणि पुढें ज्यांनीं छातीवर चिकटवावयाची तपासपट्टी वापरून परत पाठविली, त्यांतील ३४ टक्के लोकांत ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा विकार आढळला. म्हणजे इशारा हा दुर्लक्षिण्याजोगा नव्हे; आणि तो निदानही नव्हे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हृदयविकाराचा झटका अशा घड्याळाला ओळखतां येत नाहीं, हें ॲपल कंपनी स्वतःच सांगते. छातींत कळ आली, डाव्या हातांत ती उतरली, दरदरून घाम फुटला, आणि घड्याळावर मात्र सारें ठीक दिसत आहे, अशा वेळीं घड्याळावर विश्वासून घालविलेला अर्धा तास जिवावर बेतूं शकतो. त्या वेळीं एकच करावें : १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

मधुमेहाच्या बाबतींत तर फसवणुकीचाच धोका आहे. त्वचेला टोंचल्यावांचून रक्तांतील साखर मोजतों, असा दावा करणारीं घड्याळें व अंगठ्या वापरूं नयेत, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें फेब्रुवारी २०२४ मध्यें दिला. त्या खात्यानें असें एकही साधन तोंवर मंजूर केलेलें नव्हतें. खोट्या आंकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिनची मात्रा वाढविली, तर परिणाम काय होईल हें निराळें सांगावयास नको.

खऱ्या आंकड्यांचेंही ओझें होऊं शकतें. रोज दहा हजार पावलें चालावींत हें वचन आज वेदवाक्य झालें आहे. परंतु त्याचें मूळ १९६५ सालीं जपानांत निघालेल्या ‘मानपोकेइ’, म्हणजे दहा हजार पावलें मोजणारें, या यंत्राच्या नांवांत आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृद्ध स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणींत दिवसाला ४,४०० पावलें चालणाऱ्यांतच मृत्यूचें प्रमाण २,७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां घटलेलें दिसलें, आणि साडेसात हजारांच्या पुढें त्यांत फारशी भर पडली नाहीं. तीच गोष्ट ठोक्यांच्या कमाल मर्यादेची. २२० मधून वय वजा करावें हा नियम साठीच्या माणसाला १६० सांगतो, तर २००१ सालचें दुसरें सूत्र १६६. दोन्ही सरासरीचे नियम आहेत. प्रत्येक हृदय त्यांनीं बांधलेलें नाहीं. रात्रीं शांत झोपलेला मनुष्य सकाळीं ‘झोप अपुरी’ हीं अक्षरें वाचून दिवसभर थकल्यासारखा वागतो, तेव्हां घड्याळ सेवक राहिलें नाहीं, मालक झालें.

म्हणून खरेदीपूर्वीं स्वतःला तीन प्रश्न विचारावे. गेल्या आठवड्यांत व्यायाम किती झाला, हें प्रामाणिकपणें कागदावर मांडावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम व्यायाम सांगितला आहे. तेवढा होत असून शर्यत, अंतर, वेग यांचें ध्येयही समोर असेल, तर सरावाचें घड्याळ घ्यावें. दुसरा प्रश्न : रोज रात्रीं त्याला विजेचा खुराक देणें जमेल काय ? ज्याचा हात याला कंटाळतो त्याचें स्मार्टवॉच महिन्याभरांत टेबलाच्या खणांत जातें, आणि खणांतलें घड्याळ पडलेल्या माणसासाठीं कोणालाही फोन करीत नाहीं. तिसरा प्रश्न : मनगटावर येणारा प्रत्येक निरोप हवाच आहे काय ? नको असेल, तर अर्ध्या गुणांचे पैसे व्यर्थच जातील.

या तिन्ही प्रश्नांना जर नकारच मिळाला, तर तोही एक चांगला निकाल होय. बागेच्या फेऱ्या मोजावयास बोटें पुरतात, आणि चालतांना बोलतां येतें पण गातां येत नाहीं इतका वेग मध्यम समजावा, ही कसोटी यंत्रावांचूनच लागू पडते. ध्येय ज्याचें निश्चित आहे, त्याला घड्याळ वाट दाखवील. ज्याचें ध्येयच ठरलें नाहीं, त्यानें प्रथम एक महिना पायांना वळण लावावें. नंतर मनगटाचा विचार करण्यास पुष्कळ वेळ आहे.