ताकाकिया आणि मोनार्क



ताकाकिया ही तिबेटच्या पठारावरची हरिता. पावसाळ्यात आपल्या भिंतींवर जे मऊ शेवाळ चढतं, त्याची ही दूरची नातलग. चार हजार मीटरांच्या वर, वर्षातले आठेक महिने बर्फाखाली. तिचं कूळ सुमारे ३९ कोटी वर्षांचं, म्हणजे हिमालयाहून कितीतरी जुनं! तिथली प्रखर अतिनील किरणं तिनं पचवली. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की आताची तापमानवाढ तिला झेपत नाहीये.

मोनार्क फुलपाखराचं दुखणं निराळं. उत्तर अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडून ते हिवाळ्यात मेक्सिकोच्या डोंगरांत येतं. त्याची अळी खाते फक्त मिल्कवीडची पानं. आपल्या रुईच्याच कुळातली ही चिकाळ झाडं. मका-सोयाबीनच्या शेतांत तणनाशकं आली नि मिल्कवीड गेलं. थव्यांतली फुलपाखरं कोण मोजणार? म्हणून त्यांनी व्यापलेलं जंगल मोजतात. १९९६-९७ मध्ये ते १८ हेक्टर होतं, २०२३-२४ मध्ये ०.९.

मोनार्कसाठी निदान परसात मिल्कवीड लावता येतं, तिकडचे लोक लावतातही. ताकाकियासाठी मात्र खरा उपाय म्हणजे तापमानवाढ रोखणं.