आकडा आपल्याकडे तोंड करून

आज बोलायचंय दुधाच्या काट्यावरच्या आकड्याबद्दल. आपण किटली रिकामी करतो, पण पुष्कळ केंद्रांवर आकडा दिसतो तो माप घेणाऱ्याला. आपल्या हाती येते ती बारीक अक्षरांची पावती, तीही सकाळच्या घाईत. आपल्या चकलांब्यात दुधाचा पैसा म्हणजे घरातल्या बाईच्या हातचा पैसा. मग तो आकडा रांगेतल्या शेवटच्या बाईलाही दिसायला नको का?

यासाठी नवीन महागडा बोर्ड लागत नाही. माळ्यावर जुना डबा टीव्ही पडलाय ना? त्याला व्हिडिओचं पिवळं भोक असेल तर काम भागतं. सोबत लागते आर्डुइनो उनो नावाची छोटी पट्टी. तिच्यावरची चिप तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढी लांब, पण हिशोब करणारी. आयटीआयची पोरं ही पट्टी ओळखतात.

अडचण अशी की या चिपला टीव्हीवर चित्र काढता येत नाही, त्यासाठी ती बनवलेलीच नाही. तिची चालती आठवण फक्त २,०४८ बाइट. मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. म्हणून रंग सोडून द्यायचे. आडवे १२८ आणि उभे ९६ ठिपके, प्रत्येक एक तर काळा नाही तर पांढरा. आठ ठिपक्यांना एक बाइट, म्हणजे १,५३६ बाइट गेले आणि बाकी सगळ्या कामाला ५१२ उरले. काटकसरीचा संसार आपल्याला काय नवा आहे!

दुसरी गोष्ट वेळेची. आपला जुना टीव्ही ६२५ रेषांचं चित्र सेकंदाला २५ वेळा काढतो. एका रेषेला मिळतात ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले ६४. तेवढ्यात चिपचे १,०२४ ठोके पडतात. रेषा काढताना कुणी तिला मध्येच हाक मारली तर रेषा सरकते आणि चित्र थरथरतं. दूध उतू जायच्या क्षणी दारावर कडी वाजावी, तसं. म्हणून काट्याचा आकडा आत घेताना चिपला हाक मारू द्यायची नाही; एक रेषा संपली की तिनेच दाराकडे एकदा बघायचं. नेहमीच्या ९६०० वेगाने काट्याकडून एक अक्षर यायला साधारण सोळा रेषांएवढा वेळ लागतो, त्यामुळे एकही अक्षर चुकत नाही. हे सगळं सांभाळणारा टीव्हीआउट नावाचा तयार प्रोग्राम फुकट मिळतो.

जोडणी अगदी साधी. दोन रेझिस्टर, एक ४७० ओहमचा आणि एक हजार ओहमचा. हजाराचा टीव्हीला सांगतो की नवी रेषा सुरू झाली, ४७०चा ठिपके पाठवतो. दोघांची टोकं एकत्र करून पिवळ्या पिनला जोडायची, आणि पट्टीची ग्राउंडची तार त्याच पिनच्या बाहेरच्या कड्याला.

काट्याच्या मागे संगणक जोडायचं सिरियल भोक असेल तर आकडा तिथूनच घ्यायचा. त्यातून येणारा दाब चिपला सोसत नाही, म्हणून मध्ये मॅक्स २३२ हा छोटा भाग हवाच. भोक नसेल तर विषय तिथंच थांबवा. काटा उघडू नका. त्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी होते आणि त्याचं सील तोडणं गुन्हा आहे. जोडायच्या आधी केंद्रचालकाची परवानगी घ्या. टीव्हीचं मागचं झाकणही उघडायचं नाही. डबा टीव्हीच्या आत हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ राहतात.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. या चिपला कुठलेच अंक येत नाहीत, आपण काढून देऊ तेच तिचे अंक. मग इंग्रजी कशाला? चौकटीच्या वहीत १६ बाय २४ घरांत आपले ० ते ९ काढा. एका अंकाला ४८ बाइट, दहांना ४८०. ते त्या तुटपुंज्या आठवणीत नाही, प्रोग्रामच्या ३२ हजार बाइटच्या कप्प्यात ठेवायचे. पडद्यावर दाखवताना दुप्पट करा, लांबूनही वाचता येतील.

लाइट गेली की टीव्ही काळा होईल, काटा मात्र बॅटरीवर चालू राहील. तेव्हा पुढे जाऊन काट्यावरचाच आकडा बघायचा. एरवीही टीव्हीवरचा आणि पावतीवरचा आकडा जुळतोय का, हे पहिले आठ दिवस रोज बघा. वही-पेन्सिल पोरीच्या हातात द्या, ४ आणि ५ काढायला जरा अवघड जातात.